इंग्रजी पेपरातले शब्द वहीत कसे आणावेत

'द हिंदू'चं संपादकीय उघडायचं, पिवळा हायलायटर घ्यायचा आणि अनोळखी शब्द दिसला की रेघ ओढायची. आमच्या सांगलीतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि पहिले काही दिवस हेच करतात. कागद पिवळाधमक होतो. वहीत 'युबिक्विटस', 'परफंक्टरी', 'क्विक्झॉटिक' यांची रांग लागते आणि पुढे मोबाइलवरून उतरवलेला अर्थ. महिन्याने विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, वाचल्यासारखा वाटतोय." वाक्य कर म्हटलं की गप्प. टेलिग्रामवर रोज फिरणाऱ्या शब्दांच्या पीडीएफचीही गत तीच. दुसऱ्या कुणीतरी निवडलेले, बातमीपासून तोडून काढलेले शब्द डोक्यात राहतील तरी कशाला?

मी नोकरी केली ती एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, बहुतेक रात्रपाळी. पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी यायची आणि आवृत्ती सुटायच्या आत तिची मराठी बातमी करून पान लावायला द्यायची. डिक्शनरी उघडायला सवड नसायची. पण एखादं प्रकरण महिनोन् महिने चालायचं आणि त्यातली तीच ती क्रियापदं रोज समोर यायची. पाठ काहीच करावं लागलं नाही. आता मुलांना मी एवढंच करायला लावते: चालू असलेलं एक प्रकरण धरा, ते निकालात निघेपर्यंत सोडू नका आणि त्यातली क्रियापदं गोळा करा. विशेषणं नंतर. नामं बहुतेक आपसूक येतात.

सुरुवात ओळखीच्या बातमीपासून

पेपर एकच घ्या. 'हिंदू' की 'एक्सप्रेस' यावर मुलं तासभर वाद घालतात, तेवढ्या वेळात दोन्ही वाचून होतील. प्रत्येक पेपरची लिहायची स्वतःची धाटणी असते; ती अंगवळणी पडली की डोळा नव्या शब्दावर आपोआप अडतो. रोज पेपर बदललात तर सगळंच नवं दिसत राहतं.

ज्यांचं इंग्रजी अजून अडखळतं त्यांनी आधी मराठी पेपर वाचावा आणि मग तीच बातमी इंग्रजीत. 'लोकसत्ता' आणि 'इंडियन एक्सप्रेस' एकाच समूहाचे, 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया' दुसऱ्या एका समूहाचे, त्यामुळे जोडी लावणं सोपं जातं. ही काही नवी युक्ती नाही. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेच मुळी दोन भाषांत. पानावर दोन स्तंभ, एकात मराठी, शेजारी इंग्रजी. ६ जानेवारीला पत्रकार दिनाचे हार घालताना हे दोन स्तंभ सहसा कुणाला आठवत नाहीत.

प्रकरण निवडताना आपल्या घरचं निवडावं. सांगलीच्या पोराला कृष्णेच्या पुराबद्दल इंग्रजी पेपर काय नवं सांगणार? आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी माहीत असतं. म्हणूनच ती बातमी इंग्रजीत वाचताना लक्ष फक्त भाषेवर राहतं. नदी 'स्वेल' होते, धोक्याची पातळी 'ब्रीच' करते, सखल भाग 'इनन्डेट' होतो म्हणजे पाण्याखाली जातो, लोक 'मरून्ड' होतात म्हणजे अडकून पडतात, त्यांना 'इव्हॅक्युएट' करतात, धरणातला 'डिस्चार्ज' 'स्टेप अप' होतो आणि शेवटी पाणी 'रिसीड' होतं. चार दिवसांच्या बातम्यांत यातला प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. पुढे कधीतरी 'रिसीडिंग ग्लेशियर' किंवा 'रिसीडिंग हेअरलाइन' दिसलं तर अर्थ विचारावा लागत नाही. ओसरणारं पाणी पाहिलेलं असतं.

पावसाच्या बातम्यांत आणखी एक गंमत आहे. तिथे 'हेवी', 'व्हेरी हेवी' आणि 'एक्स्ट्रीमली हेवी' हे शब्द मनाला येतील तसे वापरलेले नसतात. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'हेवी', ११५.६पासून 'व्हेरी हेवी', २०४.५पासून 'एक्स्ट्रीमली हेवी'. मराठीतले जोरदार, मुसळधार, धो धो हे ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून. असे मोजून-मापून वापरलेले शब्द पेपरात बरेच असतात, वाचताना त्यांच्यावर नजर ठेवा.

कोर्टाचं पान

ओळखीची बातमी पचली की एक कोर्टाचं प्रकरण धरा. इंग्रजी क्रियापदांची इतकी काटेकोर शाळा दुसरीकडे नाही. मराठा आरक्षणाचंच घ्या. नोव्हेंबर २०१८मध्ये विधिमंडळाने कायदा 'पास' केला. त्याला मुंबई उच्च न्यायालयात 'चॅलेंज' मिळालं. २७ जून २०१९ला उच्च न्यायालयाने कायदा 'अपहोल्ड' केला म्हणजे वैध ठरवला, पण कायद्यातलं १६ टक्के आरक्षण समर्थनीय नाही म्हणून शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्के ठेवले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'स्टे' द्यायला 'डिक्लाइन' केलं. सप्टेंबर २०२०मध्ये मात्र 'स्टे' दिला आणि प्रकरण 'लार्जर बेंच'कडे 'रेफर' केलं. ५ मे २०२१ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा 'स्ट्राइक डाउन' केला. एकूण आरक्षणाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेवर घटनापीठ 'युनॅनिमस' म्हणजे एकमताचं, मागासवर्ग कुणी ठरवायचे याबद्दलच्या १०२व्या घटनादुरुस्तीच्या अर्थावर तीन विरुद्ध दोन, म्हणून तिथे 'मेजॉरिटी' आणि 'डिसेंट'. एप्रिल २०२३मध्ये फेरविचार याचिका 'डिसमिस' झाली. एका प्रकरणाच्या तारखा लावताना दहाएक क्रियापदं आणि त्यांची कर्मं एका ओळीत उभी राहिली. गाइडमधल्या यादीत ती वेगवेगळ्या पानांवर, अक्षरांच्या क्रमाने विखुरलेली असतात.

आता यातली खरी मेख. मराठीत आपण 'स्ट्राइक डाउन'सारख्या सगळ्या क्रियापदांसाठी 'रद्द' म्हणून मोकळे होतो. कायदा रद्द, गुन्हा रद्द, परवाना रद्द, निविदा रद्द, संप रद्द. एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, सगळीकडे 'कॅन्सल' लिहिलं तर चालत नाही का?" चालतं की, पण मग पेपर वाचायचा कशाला? त्याला मी वहीचं एक अख्खं पान 'रद्द' या मथळ्याखाली सोडायला लावलं. महिन्याभरात ते भरलं. कोर्ट घटनाबाह्य कायदा 'स्ट्राइक डाउन' करतं. एफआयआर 'क्वॉश' करतं. खालच्या कोर्टाचा निकाल 'सेट असाइड' किंवा 'ओव्हरटर्न' करतं. कायदा ज्याने केला त्या विधिमंडळाने किंवा संसदेनेच मागे घेतला तर तो 'रिपील'. तीन कृषी कायद्यांत हा फरक स्वच्छ दिसतो: जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी 'स्टे' केली आणि नोव्हेंबरमध्ये संसदेने ते 'रिपील' केले. परवाना किंवा निलंबन 'रिव्होक' होतं. योजना किंवा निविदा 'स्क्रॅप' होते. विवाह 'अनल' होतो. संप आणि सामना 'कॉल ऑफ' होतो. यातला एकही शब्द बोजड नाही, तरी निबंधात योग्य कर्माशेजारी 'रिपील' किंवा 'क्वॉश' बसवलेला दिसला की लिहिणाऱ्याला भाषा येते हे लगेच कळतं.

दुसरं पान 'म्हणाले' या शब्दाचं करा. मराठी बातमीत नेता म्हणाला, सांगितलं, स्पष्ट केलं, एवढ्यावर भागतं. इंग्रजी बातमीदार इथे फार जपून पाऊल टाकतो. 'सेड' निष्पक्ष. 'क्लेम्ड' म्हटलं की बातमीदार हात झटकतोय. 'अलेज्ड' म्हणजे आरोप, अजून सिद्ध नाही. 'कन्सीडेड' म्हणजे नाइलाजाने मान्य केलं. 'डिनाइड' आणि 'रिफ्यूटेड' यांत मुलं हमखास घोळ घालतात. आरोप नुसता नाकारला तर 'डिनाय'. पुरावा देऊन खोडून काढला तरच 'रिफ्यूट'. स्वतःच्या पक्षातल्या कुणाच्या वक्तव्याशी संबंध नाही असं सांगितलं तर 'डिसअव्हाव'. रोजच्या पेपरातल्या राजकारणाच्या एका बातमीत यातले तीन-चार तरी सापडतील.

वही आणि पेन्सिलीचं टिंब

वही फुलस्केप घ्या, अक्षरांच्या क्रमाने पानं पाडू नका. एका प्रकरणाला एक पान. वर प्रकरणाचं नाव, डावीकडे क्रियापद, उजवीकडे कोणी कशाला काय केलं तो तुकडा जसाच्या तसा, शब्दयोगी अव्ययासकट. 'रिफ्रेन' एवढंच लिहाल तर परीक्षेत 'रिफ्रेन टु' लिहून याल. 'रिफ्रेन फ्रॉम कॉमेंटिंग' असा तुकडा उतरवला असेल तर हात चुकत नाही.

शब्द पहिल्यांदा भेटला की लगेच वहीत घ्यायचा नाही. पेपरात त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने फक्त टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. तोच शब्द दुसऱ्या बातमीत पुन्हा भेटला, तर वहीत. 'क्विक्झॉटिक' पुन्हा भेटायला महिने लागतील, 'मँडेट' परवाच भेटेल. कुठला शब्द उपयोगाचा हे ठरवायला यापेक्षा सोपी कसोटी मला माहीत नाही. यामुळे रोज वहीत पाच-सहाच शब्द जातात, आणि तेवढे पुरे.

वहीत घेताना आधी संदर्भावरून अर्थाचा अंदाज मराठीत लिहा, मग डिक्शनरी उघडा. इंग्रजी-मराठी कोश नको, शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी घ्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांच्याही अशा डिक्शनऱ्या मोबाइलवर फुकट बघता येतात. त्यात अर्थ सोप्या शब्दांत असतो आणि शब्द कुणाच्या सोबतीने येतो तेही कळतं. अर्थ एकापेक्षा जास्त असतील तर बातमीतला कुठला, तेवढाच घ्या. 'सँक्शन' हा शब्द याबाबतीत फार लबाड. सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारचं 'सँक्शन' लागतं म्हणजे मंजुरी, आणि रशियावर 'सँक्शन्स' लादले म्हणजे निर्बंध. 'ओव्हरसाइट'चंही तसंच, कधी देखरेख, कधी नजरचूक. 'टेबल' तर देशागणिक उलटतो. आपल्याकडे अहवाल सभागृहात 'टेबल' झाला म्हणजे मांडला गेला, अमेरिकेतल्या बातमीत ठराव 'टेबल' झाला म्हणजे बाजूला ठेवला. परदेशी बातमी वाचताना हे ध्यानात ठेवा.

पैशाचं पान

कॉमर्सवाले सोडले तर हे पान बाकीचे दुमडून ठेवतात. सगळं राहू द्या, निदान रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर जपून ठेवा. हे धोरण साधारण दोन महिन्यांनी येतं आणि प्रत्येक वेळी तेच शब्द थोडे इकडे-तिकडे होऊन परत येतात. ६ जून २०२५ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ५० 'बेसिस पॉइंट'नी उतरवून ५.५ टक्के केला. बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणजे ५० म्हणजे अर्धा टक्का. त्याच दिवशी 'स्टान्स' म्हणजे भूमिका 'अकॉमोडेटिव्ह'वरून (दरकपातीला अनुकूल) 'न्यूट्रल' (तटस्थ) केली, दरकपात 'फ्रंटलोड' केली म्हणजे पुढची आत्ताच उरकली, आणि सीआरआरमधली, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख राखीव प्रमाणातली, एक टक्क्याची कपात चार 'ट्रान्च'मध्ये म्हणजे टप्प्याटप्प्याने जाहीर केली. 'स्टान्स' आणि 'ट्रान्च' हे शब्द बँकेपुरते नाहीत. परराष्ट्र धोरणात 'स्टान्स' येतो, मदतीच्या हप्त्याला 'ट्रान्च' म्हणतात. दर किती उतरला त्यावर मथळ्यातलं क्रियापदही बदलतं: थोडा उतरला तर 'ट्रिम', सणकून उतरला तर 'स्लॅश', तसाच ठेवला तर 'होल्ड'.

उलटं भाषांतर

शब्द ओळखता येणं आणि वापरता येणं यात बरंच अंतर आहे, आणि ते तुडवायला मला एकच वाट ठाऊक आहे. इंग्रजी बातमीतली दोन वाक्यं घ्या, नीट मराठी करा, कात्रण बाजूला ठेवा. दोन दिवसांनी फक्त मराठीवरून परत इंग्रजी करा आणि मग कात्रणाशी ताडून बघा.

समजा मराठी अशी झाली: कोयनेतून विसर्ग वाढवल्याने कृष्णेची पातळी रात्रीत झपाट्याने वाढली आणि नदीकाठच्या कुटुंबांना हलवावं लागलं. मुलं साधारण असं लिहितात: 'कोयना डॅम लेफ्ट मोअर वॉटर, सो कृष्णा वॉटर इन्क्रीज्ड फास्ट इन नाइट अँड रिव्हरसाइड फॅमिलीज वेअर शिफ्टेड.' अर्थ पोचतो, पण प्रत्येक शब्द मराठीला चिकटून आलाय. पेपरात हीच गोष्ट अशी असते: 'द कृष्णा स्वेल्ड ओव्हरनाइट आफ्टर डिस्चार्ज फ्रॉम कोयना वॉज स्टेप्ड अप, फोर्सिंग ऑथॉरिटीज टु इव्हॅक्युएट फॅमिलीज लिव्हिंग अलाँग द बँक्स.' पाणी 'सोडलं' याचं 'लेफ्ट' होत नाही हे इथे कळतं. 'ओव्हरनाइट' एका शब्दात रात्रीत हा भाव देतो. आणि स्वल्पविरामानंतरचं ते 'फोर्सिंग' बघा, कारण आणि परिणाम एका वाक्यात जोडलेत, 'सो' आणि 'अँड'ची गरजच उरली नाही. फरक लाल शाईने वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा केलं तरी खूप. कंटाळवाणं आहे, बहुतेक मुलं इथेच गळतात.

मथळ्यांतले शब्द मात्र समजून घ्या आणि तिथेच सोडा. 'मल' (विचार करणं), 'प्रोब' (चौकशी), 'निक्स' (फेटाळणं), 'नॅब' (पकडणं), 'नॉड' (मंजुरी), 'रो' (वाद) हे शब्द कॉलमची रुंदी अपुरी पडते म्हणून जन्माला आलेत. आम्हीही मराठीत 'घमासान' आणि 'झटका' याच कारणाने वापरत आलो. निबंधात 'गव्हर्नमेंट मल्स' लिहिलंत तर हसं होईल. तसंच 'हिस्ट्रीशीटर' (सराईत गुन्हेगार), 'एअरडॅश' (विमानाने तातडीने जाणं) वगैरे आपल्याच देशातल्या बातमीदारांचे लाडके शब्द; परदेशी परीक्षा द्यायची असेल तर त्यांना घरी ठेवून जा.

संपादकीयाकडे यायचं ते आता, दोन-तीन प्रकरणं हाताखालून गेल्यावर. आता विशेषणांवर लक्ष द्या, कारण लिहिणाऱ्याचं मत तिथे दडलेलं असतं. 'बिलेटेड', 'नी-जर्क', 'इल-अॅडव्हाइज्ड', 'सॅल्यूटरी', 'लॉडेबल' अशी विशेषणं काढा आणि प्रत्येकापुढे अधिक किंवा वजा लिहा. 'लॉडेबल' म्हणजे स्तुत्य; तो दिसला की पुढच्या ओळीत 'बट' किंवा 'हाउएव्हर' शोधा, बहुतेक वेळा सापडतो. कौतुक करून कानउघाडणी करायची ही संपादकांची जुनी खोड. मग अग्रलेख झाकून त्याचा एक तृतीयांश सारांश स्वतः लिहा. यूपीएससीच्या ३०० गुणांच्या सक्तीच्या इंग्रजी पेपरात सारांशलेखन असतंच आणि तिथे २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेही जात नाहीत.

राहिला उच्चार. तो पेपर शिकवत नाही आणि वाचून वाचून हुशार झालेली मुलं मुलाखतीत इथे घसरतात. बातम्यांतल्या शब्दांत मुकी अक्षरं फार. 'इंडाइट'च्या स्पेलिंगमध्ये सी आहे, तोंडात येत नाही. सत्तापालटाच्या 'कू'मधला शेवटचा पी मुका, ढिगाऱ्याच्या 'डेब्री'मधला शेवटचा एस मुका, समन्सच्या 'सपीना'मधला बी मुका. डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका आणि वहीत स्पेलिंगशेजारी उच्चार देवनागरीत लिहून ठेवा. रात्री नऊच्या आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकताना ती वही समोर उघडी ठेवा. दिवसभर वाचलेलं प्रकरण तिथे पुन्हा येतं, आणि निवेदकाने उच्चारलेला वहीतला शब्द ओळखू आला की त्यावर बरोबरची खूण करा.